तबकडीची मागची बाजू

लाखेची ती काळी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. एक बाजू गाजली की फर्माइशी तिच्याच. मागचं गाणं बिचारं धाकट्या जावेसारखं, घरात असून न दिसणारं.

१९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. मंत्री आपलेच, मराठी, काय बोलणार! श्रोत्यांनी काटा सरळ रेडिओ सिलोनवर नेला. तिथली ‘बिनाका गीतमाला’ सर्वांना आठवते, पण ती लोकप्रिय गाण्यांची. बाजूला पडलेल्या गाण्यांना खरा आसरा दिला तो सिलोनच्याच सकाळी साडेसातच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमानं. कार्यक्रमाच्या शेवटी सैगलचं गाणं ठरलेलं. मला मात्र त्या गाण्याआधी ऐकू येणारी मंडळी अधिक मोलाची वाटतात: जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी, जी. एम. दुर्राणी. सुरुवातीच्या रफींवर याच दुर्राणींची छाप होती.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि पुढे ‘भूले बिसरे गीत’ने हेच काम केलं. एस. एन. त्रिपाठी, चित्रगुप्त यांनी पौराणिक आणि मारधाडीच्या चित्रपटांना दिलेल्या सुरेख चाली अशा कार्यक्रमांमुळेच टिकल्या. चित्रपट कधीच विसरले गेले.

माळ्यावर अशी तबकडी सापडलीच, तर मऊ सुती फडक्यानं पुसा. स्पिरिट अजिबात लावू नका, त्यात लाख विरघळते. आणि हो, मागची बाजूही लावून बघा.