‘हें कशावरून?’
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गतकाळाचा गौरव करण्याची रीत आहे, आणि तें काम आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. आम्हांस मात्र आज आपल्यापुढें आमचीच एक चूक मांडावयाची आहे. ती एका लहान मुलीनें पकडली. कशी पकडली, हाच आमच्या भाषणाचा विषय.

कांहीं वर्षांपूर्वीं दृढीकरणाची तयारी करणाऱ्या मुलांस उपदेश करितांना आम्हीं गरुडाची गोष्ट सांगितली. ती आपण सर्वांनीं ऐकली असेल. ती फोनवरून घरोघर फिरत असते. गरुड म्हणे सत्तर वर्षें जगतो. चाळिसाव्या वर्षीं त्याची चोंच वांकते, नखें निकामी होतात, पिसें जड होतात. मग तो डोंगरावर जाऊन खडकावर चोंच आपटून मोडतो. नवी चोंच आली कीं तिनें नखें उपटतो, नव्या नखांनीं पिसें उपटतो, आणि पांच महिन्यांनीं नवा होऊन उडतो. आम्हीं ती चांगली रंगवून सांगितली. मुलें अगदीं स्तब्ध झालीं होतीं, आणि खोटें कशास बोला, आम्हीही मनांतल्या मनांत स्वतःवर खूष होतों.

पुढच्या रविवारीं मिस्सा संपल्यावर सातवींतील एक मुलगी पक्ष्यांचें पुस्तक छातीशीं धरून ख्रिस्तमंदिराच्या दाराशीं उभी होती. “फादर, ह्यांत गरुडाची बरीच माहिती आहे, पण तुम्हीं सांगितलेलें कोठेंच नाहीं. आणि चोंच नसतांना पांच महिने तो खातो काय?”

प्रथम आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. “पाहून सांगतों,” असें म्हणून तिला वाटेस लाविलें. मग खरोखरच पाहूं लागलों, तों मुलीचें म्हणणें खरें! चोंच म्हणजे हाडावर बसलेलें शिंगासारखें कवच. तें आपल्या नखाप्रमाणें सतत वाढतें व वापरानें झिजतें. पण चोंच हाडासकट मुळापासून मोडली तर ती पुन्हां येत नाहीं, आणि भक्ष्य फाडतां न येणारा गरुड उपाशी मरतो. सत्तर वर्षांची कथाही तशीच. रानांतील मोठे गरुड साधारणतः वीस ते तीस वर्षें जगतात. अमेरिकेंत पायांत कडें घालून सोडलेला पांढऱ्या डोक्याचा एक गरुड २०१५ सालीं मेला, तेव्हां तो ३८ वर्षांचा होता, आणि तेवढ्यानें तो विक्रमी ठरला.

गरुड पिसें टाकतो, एवढें मात्र खरें. पण तीं एकदम टाकीत नाहीं. उडण्याचें बळ जाऊं नये म्हणून तो थोडीं थोडीं टाकतो, आणि मोठ्या गरुडास सगळीं पिसें बदलावयास वर्षाहून अधिक काळ लागतो. आम्हांस विचाराल तर खडकावर चोंच आपटण्याहून हें अधिक सुंदर आहे. रोजचें उडणें न सोडतां तो पक्षी नवा होत असतो!

मग ही कथा आली कोठून? स्तोत्र १०३ मध्यें तारुण्य गरुडासारखें नवें होतें एवढाच उल्लेख आहे. तेथें चोंच नाहीं, खडक नाहीं, चाळीस वर्षेंही नाहींत. चोंच व खडक हे संत आगस्तीन यांच्या त्या स्तोत्रावरील विवरणांत सांपडतात. त्या काळची समजूतच तशी होती. आणि त्याच आगस्तीननीं उत्पत्तीच्या पुस्तकावरील भाष्यांत बजाविलें आहे कीं ख्रिस्ती माणसानें आकाश, पृथ्वी, प्राणी ह्यांविषयीं अज्ञानानें भलतेंच बोलूं नये. कारण ऐकणारे हंसतात, आणि हंसें धर्मग्रंथाचें होतें. हें आम्हीं सेमिनरींत वाचलें होतें. परीक्षेंत लिहिलेंही होतें!

त्या मुलीच्या घरीं कपाटभर पुस्तकें नाहींत. पुस्तक शाळेचें होतें. आई स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, पण रात्रीं जेवणापूर्वीं ती मुलीकडून माहितीच्या पुस्तकाचीं दोन पानें मोठ्यानें वाचून घेते आणि एकच प्रश्न विचारते : “हें लिहिणाऱ्याला कसें कळलें?” आईला उत्तर ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असावयास पाहिजे असेंही नाहीं. दोघी मिळून शोधतात.

गोष्टींचीं पुस्तकें वाचूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. पण राक्षसाला सात डोकीं होतीं म्हटलें, कीं सातच, तेथें ‘कशावरून?’ विचारणारा रसभंग करितो. माहितीच्या पुस्तकास तो प्रश्न विचारतां येतो. कोणीं मोजलें? केव्हां? दुसऱ्या पुस्तकांत काय आहे? आमच्या बालपणीं आम्हीं नऊ ग्रह पाठ केले. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें प्लूटोस बटुग्रहांत घातलें, आणि आठ उरले. तीं जुनीं पुस्तकें खोटीं नव्हतीं, जुनीं झालीं होतीं. म्हणून मुलास आधीं छापल्याचें साल पाहावयास शिकवावें.

कांहीं पालक आम्हांस म्हणाले, “फादर, आज गरुडावर शंका, उद्यां श्रद्धेवर!” ही भीति आम्ही हलकी मानीत नाहीं. पण लूकचें शुभवर्तमान उघडून पाहा. ज्यांनीं आरंभापासून डोळ्यांनीं पाहिलें त्यांच्याकडून आलेलें, आणि आपण मुळापासून शोधलेलें, तें लिहीत आहों, असें तो थियफिलास प्रथमच सांगतो. असा लेखक प्रश्नास भीत नाहीं. भीति वेगळीच आहे. गरुडाविषयीं आम्हीं सांगितलेलें खोटें होतें हें ज्या मुलास मोठेपणीं कळेल, तो पुनरुत्थानाविषयीं आमच्या शब्दावर कां विश्वास ठेवील?

नंतरच्या रविवारीं आम्हीं वेदीवरूनच चूक दुरुस्त केली. दोघां-तिघां वडीलधाऱ्यांस तें रुचलें नाहीं. मुलांस फार आवडलें.

आपल्या वाचनालयांत दोन कपाटें आहेत, आणि माहितीचीं पुस्तकें एका फळीवर मावतात. महोत्सवाची देणगी देतांना एकेका कुटुंबानें पक्षी, समुद्र, मानवी शरीर किंवा आपल्या भागाचा इतिहास ह्यांवरील एकेक मराठी पुस्तक द्यावें, आणि तें येथें ठेवण्यापूर्वीं घरीं मुलासह वाचावें, अशी आमची विनंती आहे.

ती मुलगी आतां महाविद्यालयांत शिकते व दर रविवारीं दुसऱ्या रांगेंत बसते. उपदेशांत एखादी गोष्ट सांगण्यापूर्वीं आमची दृष्टि अजून आधीं तिकडे जाते.