ठिकाणाची खूण

पुण्याचा शनिवारवाडा आर्क्टिक समुद्रांत सांपडावा ही कल्पना प्रथमदर्शनीं हास्यास्पद वाटेल. परंतु दोन आंकड्यांची अदलाबदल झाली कीं हा चमत्कार सहज घडतो. वाड्याचा अक्षांश सुमारें १८.५२ उत्तर व रेखांश सुमारें ७३.८६ पूर्व आहे. हे उलटे लिहिले गेले, कीं नकाशावर वाडा नॉर्वे आणि स्वालबार्ड यांच्यामधील बेअर बेटाजवळच्या थंडगार पाण्यांत जाऊन बसतो! यंत्राचा यांत कांहींच अपराध नाहीं. बोलण्यांत अक्षांश आधीं सांगण्याची रूढि आहे. जिओजेसन या प्रचलित लेखनपद्धतींत, २०१६ च्या प्रमाणानुसार, रेखांश आधीं येतो. घोटाळा तेथेंच होतो.

इंटरनेटवरील छायाचित्रास, लेखास किंवा वार्तेस अशा अंकांची खूण जोडणें, यास जिओटॅगिंग म्हणतात. फ्लिकर या छायाचित्रसंग्रहानें २००६ सालीं चित्रें नकाशावर मांडण्याची सोय केली. आतां परवानगी दिली असल्यास मोबाइल फोनच हें काम करतो. उपग्रहांच्या संदेशांवरून स्थान ठरवून तें चित्राच्या पोटांत लिहून ठेवतो. डोळ्यांस तें दिसत नाहीं, नकाशास मात्र दिसतें. आंकडे चुकून शून्य-शून्य नोंदले गेले, तर वस्तु आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातांत पडते. तेथें जमीन नाहीं, हवामानाची नोंद घेणारा एक तरंगता बोया मात्र तेथें ठेवलेला होता. त्या स्थळास नकाशेकारांनीं विनोदानें ‘नल आयलंड’ असें बेटाचें नांव दिलें आहे.

चूक एक वेळ हंसण्यावारी नेतां येईल. अचूकपणाची गोष्ट निराळी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढें दोन स्थळें लिहिलीं तर अंतर किलोमीटरभर राहतें, म्हणजे फार तर पेठ कळते. चार स्थळें लिहिलीं तर तेंच अंतर सुमारें ११ मीटर होतें, म्हणजे घराचें दारच सांपडतें. २००७ सालीं इराकमधील एका तळावर नवीं हेलिकॉप्टरें उतरलीं, तेव्हां सैनिकांनीं त्यांचीं छायाचित्रें इंटरनेटवर चढविलीं. चित्रांतील स्थानावरून शत्रूनें उखळी तोफांचा नेम धरला व चार अपाची हेलिकॉप्टरें नष्ट केलीं, असें अमेरिकी सैन्यानेंच २०१२ सालीं सांगितलें.

वन्यजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर म्हणूनच संकटग्रस्त प्राण्यांचें नेमकें ठिकाण दाखवीत नाहींत, ०.२ अंशांच्या चौकोनांत तें झांकून टाकतात. शिकाऱ्याच्या हातीं वाट लागूं नये, हा हेतु. घरांतील लहान मुलांच्या चित्रांस एवढें तरी संरक्षण असावें! शनिवारवाड्याच्या चित्रास चार स्थळें शोभतात. वाढदिवसाच्या चित्रास शहराचें नांव पुरे. फोनच्या कॅमेऱ्यास स्थान वापरण्याची दिलेली परवानगी काढून घेतां येते. पूर्वीं काढलेल्या चित्रांतील खूण मात्र त्यामुळें जात नाहीं; ती निराळी पुसावी लागते.