बेसिनखालचा वाक

बेसिन तुंबलं की लगेच अ‍ॅसिड ओतू नका. खाली बादली ठेवा, वाकड्या पाइपाचे नट हातानं सैल करा, केस-गाळ काढा आणि वायसर नीट बसवून पुन्हा आवळा. मग पाणी सोडून सांध्यावर कोरडा कागद फिरवा. ओला झाला, तर तो थेंब उद्या खालच्यांच्या छतात उतरणार!

वाक काढून सरळ पाइप मात्र लावू नका. त्यात साचलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. गावाहून परतलात की तांब्याभर पाणी ओता. १८८४ साली नोकरीला लागलेल्या विश्वेश्वरय्यांनी दातर्तीजवळ आपल्या पांझरेच्या प्रवाहाखालून पाइपाचा सायफन नेला. पाणी खाली उतरून पुन्हा वर चढतं, हेच तत्त्व तिथेही होतं.

पंचवीस वर्षं आपण वरखाली नांदतोय. गळती दिसली, तर भांडणाआधी वायसर बघू या.