हळू कुठे, जोरात कुठे



मी सैन्याच्या सर्व्हिस कोअरमध्ये होतो. म्हणजे रसद आणि वाहतूक. निवृत्तीनंतर बंगळुरूच्या येलहंका भागात स्थायिक झालो. मूळ सातारचा. आज एका गुन्ह्याची कबुली देणार आहे, म्हणून जरा सांभाळून घ्या.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी विमानाने येणार होती, मला घरातून निघायला उशीर झाला. येलहंक्याहून विमानतळाकडे जाणारा बळ्ळारी रस्ता रुंद, मोकळा. पाय आपोआप दाबला जातो. सर्व्हिस रोडवरून एक स्कूटरवाला मुलगा मध्ये आला. ब्रेक लावला, पण आरसा लागून तो पडला. खांद्याचं हाड मोडलं. त्याला मीच दवाखान्यात नेलं. वडील आले, मला काही बोलले नाहीत, मुलाच्या उशाशी बसून राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन हिशेब मांडला. 15 किलोमीटर रस्ता 80 च्या वेगाने सव्वाअकरा मिनिटांत होतो, 100 ने 9 मिनिटांत. मी वाचवत होतो सव्वादोन मिनिटं. तेवढी तर एका सिग्नलला जातात. उलट वेग 40 चा 80 झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. त्याशिवाय 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढी जमीन मागे पडलेली असते.

त्या दिवसापासून मी सगळीकडे 40. गल्लीत 40, हायवेवरही 40. मला वाटायचं, आता मी शहाणा झालो.

पण दोन गोष्टी घडल्या. पहिली, गाडीत एक पिवळा दिवा लागला. गाडी डिझेलची, बीएस-6. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या या नियमामुळे डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. काजळी जळायला धूर भरपूर तापावा लागतो. रोज भाजी आणि बँक, एवढ्याच फेऱ्या असतील तर तो तापत नाही, गाळणी तुंबते. मेकॅनिक म्हणाला, "सर, हिला आठवड्यातून एकदा देवनहळ्ळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं पळवा." गाडीसुद्धा नुसतं जपून जगत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सर्व्हिस रोडवरून मुख्य रस्त्यावर शिरताना मी 35 वर होतो. मागून ट्रक आला, हॉर्न, करकचून ब्रेक. सौभाग्यवतींचा हात डॅशबोर्डवर. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, तुम्ही सावध नाही झालात. तुम्ही घाबरलात."

खरं होतं. आणि घाबरलेला माणूस रस्त्यावर घाईतल्या माणसाइतकाच धोक्याचा. मागच्याला आपला अंदाजच येत नाही.

तेव्हा मला झोजिला आठवला. साडेअकरा हजार फुटांवरची ती खिंड, ट्रकांचा ताफा, आणि आमचे कोल्हापूरकडचे एक सुभेदार. मी नवा लेफ्टनंट. ते म्हणायचे, "साहेब, ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरायचं." म्हणजे उतारावर इंजिनाने गाडी धरायची, ब्रेक तापवायचे नाहीत. पण चढाच्या वळणावर हेच गृहस्थ ओरडायचे, "आता दाबा, मध्येच दम सोडू नका!" पुढच्या गाडीने उगीच वेग वाढवला की शेवटच्या ट्रकला जीव तोडून धावावं लागायचं. ती अडखळली की मागचा सगळा ताफा अडखळायचा. तिथे शिकलो होतो, पण निवृत्तीबरोबर विसरलो.

आता माझा नियम साधा आहे. जिथे माणसं चालतात तिथे हळू: गल्ली, शाळा, बसस्टॉप, सर्व्हिस रोडची तोंडं. जिथे सगळी वाहतूक वेगात आहे तिथे फलकावरच्या मर्यादेत, तिच्याबरोबर. आणि मुख्य रस्त्यावर शिरताना आरसा, इंडिकेटर, मग ठाम पाय. रविवारी पहाटे चिक्कबळ्ळापूरपर्यंत जाऊन येतो. गाळणीही साफ, मनही.

माझं वय सहासष्ट. रात्री समोरचे दिवे आता डोळ्यांत पसरतात, म्हणून रात्रीची गाडी मुलीकडे दिली आहे. तेही याच हिशेबात बसतं.

इथे रस्त्यावर कानडी पाट्या असतात, 'निधानवागी चलिसी'. सावकाश चला. कानडीत निधान म्हणजे सावकाशपणा, आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. तो ठेवा जपायचा, पण कुठे खर्च करायचा हेही कळायला हवं.

तो मुलगा आता बरा आहे, नोकरीला लागला. दिवाळीला फोन करतो. दरवेळी फोन ठेवताना मलाच म्हणतो, "अंकल, निधान."

जय हिंद.