सेवेचा हात, स्वच्छ हात



रुग्णालयात आपण बरे होण्यासाठी जातो. परंतु कधीकधी मूळ आजार ओसरू लागलेला असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला नव्याने ताप येतो, कफ वाढतो आणि धाप लागते. दाखल होताना ज्याचे कोणतेही लक्षण नव्हते आणि दाखल झाल्यावर 48 तास उलटून गेल्यानंतर जो उद्भवतो, त्या न्यूमोनियाला रुग्णालयजन्य न्यूमोनिया असे म्हणतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास हे त्याचे काही प्रमुख जिवाणू. त्यांपैकी अनेक प्रकार नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. व्हेंटिलेटरवरील रुग्ण, वृद्ध, नवजात बालके, शस्त्रक्रिया झालेले आणि शुद्ध हरपलेले रुग्ण यांना त्याचा धोका अधिक असतो.

हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंत पोहोचतात कसे? पुष्कळदा सेवा करणाऱ्या हातांवरूनच. परिचारिका एका रुग्णाच्या घशातील कफ यंत्राने ओढून घेते, तेवढ्यात शेजारचा रुग्ण हाक मारतो. ती धावत जाते आणि त्याचा ऑक्सिजनचा मास्क नीट बसवते. मध्ये हात धुण्याचे राहून जाते. तिच्या मनात सेवाभाव असतो, पण हातावर जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत.

1847 साली व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास सांगितले, तेव्हा तेथील प्रसूतिज्वराने होणारे मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही, वैद्याचा हातच रोगाचे वाहन ठरू शकतो, ही गोष्ट त्यांच्या अनेक समव्यावसायिकांना मानवली नाही. ती आजही सहज मानवत नाही. म्हणूनच हा विषय उघडपणे बोलला गेला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हातांच्या स्वच्छतेचे पाच प्रसंग निश्चित केले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणतीही निर्जंतुक प्रक्रिया करण्यापूर्वी, रक्त, कफ आदी शरीरद्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, तसेच त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. अल्कोहोलयुक्त द्रव हातांवर 20 ते 30 सेकंद चोळावा. हात उघडपणे मळलेले असल्यास साबण व पाणी वापरावे, त्यास 40 ते 60 सेकंद लागतात. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. एका रुग्णासाठी घातलेले हातमोजे दुसऱ्या रुग्णाजवळ जाण्यापूर्वी काढून टाकलेच पाहिजेत आणि त्यानंतर हातही स्वच्छ केले पाहिजेत.

हातांइतकीच श्वासाचीही काळजी आवश्यक आहे. कर्मचाऱ्याची साधी सर्दी वा फ्ल्यू अशक्त रुग्णात न्यूमोनियाचे रूप घेऊ शकतो. म्हणून ताप-खोकला असलेल्या कर्मचाऱ्याने रुग्णसेवेपासून दूर राहावे आणि व्यवस्थापनाने त्यास विनासंकोच रजा द्यावी. फ्ल्यूची लस दरवर्षी घेणे हितावह आहे. प्रत्येक कक्षात पाणी, साबण व हात चोळण्याचा द्रव यांची उपलब्धता असणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. नळ कोरडा असेल, तर केवळ उपदेशाने हात स्वच्छ होत नाहीत.

आपल्या देशात रुग्णाजवळ घरचे माणूस बहुधा असतेच. तेही सेवा करणारेच असते. म्हणून नातेवाइकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

• रुग्णाला भेटण्यापूर्वी आणि भेटीनंतर हात स्वच्छ करावेत. शेजारच्या रुग्णाला मदत केल्यासही हाच नियम पाळावा.
• खोकला, सर्दी वा ताप असल्यास भेट टाळावी. येणे अपरिहार्य असल्यास मास्क वापरावा.
• डॉक्टरांची मनाई नसेल, तर खाटेची डोक्याकडील बाजू उंच ठेवावी. ग्लानीत असलेल्या वा आडव्या पडलेल्या रुग्णाला खाऊपिऊ घालू नये, कारण घास वा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.
• रुग्णाच्या तोंडाची व दातांची स्वच्छता कशी राखावी, हे परिचारिकेला विचारून घ्यावे.
• नळ्या, मास्क वा ऑक्सिजनची उपकरणे स्वतः हाताळू नयेत.
• घरी परतल्यावर रुग्णाला ताप, वाढता कफ, धाप किंवा वृद्धास अचानक भ्रम झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी एक विनंती. कोणी हात स्वच्छ न करता रुग्णाजवळ आले, तर नम्रपणे म्हणा, “सिस्टर, आधी हात स्वच्छ करून घेता का?” डॉक्टरांनाही असेच विचारता येते. मात्र जीव वाचवण्याची घाई असताना उपचारात अडथळा आणू नये. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. आणि कर्मचारी बंधू-भगिनींनो, असा प्रश्न कानी आला, तर त्यात अपमान मानू नका. विचारणाऱ्याला आपले माणूस सुखरूप घरी न्यायचे आहे आणि आपली इच्छाही तीच आहे.