जुनाट कावीळ, लस आणि शाळेतील पंगत

(केंद्रसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



कावीळ हा शब्द खेड्यात सर्वांच्या परिचयाचा आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद होऊ लागली, अन्नावरची वासना उडाली की घरातील वडीलधारी माणसे कावीळ झाल्याचे ओळखतात व उपायाच्या मागे लागतात. परंतु जी कावीळ डोळ्यांत मुळीच दिसत नाही, जी यकृतात वीस-तीस वर्षे मुकाट्याने वास करते, आणि जिच्यापासून बालकास वाचविण्याची सर्वात चांगली वेळ म्हणजे त्याच्या आयुष्याचे पहिले चोवीस तास, तिची ओळख मात्र फारच थोड्यांना असते. आजच्या भाषणाचा विषय ही दुसरी कावीळ होय. तिचा शाळेशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका शाळेत घडलेल्या हकीकतीतूनच मिळेल.

एका लहानशा गावातील द्विशिक्षकी शाळेत चौथीत शिकणारी एक मुलगी होती. तिचे वडील दरवर्षी ऊसतोडीस जाणारे. गणेशोत्सवातील रक्तदान शिबिरात त्यांनी प्रथमच रक्त दिले. काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला की, त्यांनी रुग्णालयात जाऊन पुन्हा तपासणी करून घ्यावी. तपासणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे ज्यास सरकारी पत्रकांत 'कावीळ ब' म्हणतात, त्याचा संसर्ग आढळला. माणूस धडधाकट होता. दुखणे असे काहीच नव्हते. परंतु गावात गोष्ट फुटावयास कितीसा वेळ लागतो? आठवड्याच्या आत तीन आया शाळेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांतील एक म्हणाली, "बाई, त्या पोरीला आमच्या लेकरांच्या पंगतीला बसवू नका. तिचं ताट-पेला येगळा ठेवा."

बाईंनी त्या वेळी वाद घातला नाही. "उद्या सांगते, ताई," एवढेच म्हणून त्यांनी त्यांना परत पाठविले. कारण खरे काय ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हते. शाळा सुटल्यावर त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या व वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सर्व समजून घेतले. दुसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या वेळी त्या त्याच मुलीच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि त्याच पातेल्यातील खिचडी तिच्याबरोबर जेवल्या. आयांना जे सांगावयाचे ते त्यांनी त्यानंतर सांगितले.

बाईंना आरोग्य केंद्रात जे समजले ते प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

यकृत हे शरीरातील मोठे कोठार आणि मोठा कारखानाही होय. अन्नातून आलेली साखर साठविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यास लागणारे पदार्थ निर्माण करणे, औषधे व विषारी द्रव्ये यांचा निचरा करणे ही सर्व कामे ते करते. त्यास सूज आणणारे विषाणू मुख्यतः पाच आहेत. ए, बी, सी, डी आणि ई. त्यांचे दोन गट ध्यानात ठेवावेत. ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९ हजार लोकांस कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती हे पुष्कळ वर्षांनंतर सिद्ध झाले. ही कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. गरोदर स्त्रियांना मात्र ई विषाणूपासून मोठा धोका असतो. बी आणि सी यांचा मार्ग निराळा. ते रक्तावाटे, शरीरसंबंधातून, तसेच प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे जातात. डी विषाणू केवळ बीच्याच सोबतीने राहू शकतो. बी किंवा सी यांचा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक टिकला म्हणजे त्यास जुनाट संसर्ग म्हणतात. असा संसर्ग वर्षानुवर्षे यकृताचा एकेक भाग निबर करीत जातो व काही रोग्यांत त्याचा शेवट यकृत आक्रसण्यात किंवा कर्करोगात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी लोकांच्या शरीरात बी विषाणूचा व ५ कोटी लोकांच्या शरीरात सी विषाणूचा जुनाट संसर्ग होता. त्यांपैकी सुमारे ३ कोटी बी-बाधित एकट्या भारतात होते आणि बहुतेकांना आपणांस असे काही आहे याची वार्ताही नव्हती.

आता पंगतीचा प्रश्न. बी विषाणू एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, हात धरल्याने, खोकल्या-शिंकल्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही. मातेच्या दुधातूनही तो जात नाही. म्हणून बाधित मातेनेही बालकास अंगावर पाजण्यास हरकत नाही. तो जातो रक्तातून. न उकळलेली सुई, एकाचा वस्तरा दुसऱ्याच्या गालावर, जत्रेतील गोंदणवाल्याची तीच ती सुई, कान टोचण्याची तार, दुसऱ्याचा दात घासण्याचा ब्रश, नखे काढण्याचे साधन. ह्या त्याच्या वाटा होत. शरीराबाहेर सांडलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया व पिचकाऱ्या पुन्हा वापरल्यामुळे बी विषाणूची साथ उद्भवली आणि अनेक माणसे प्राणांस मुकली. तेव्हा भीती बाळगावयाची ती सुईची. मुलीच्या ताटाची नव्हे.

ह्या विषाणूचा एक गुण विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. प्रौढ माणसास संसर्ग झाला तर शंभरात पाचांहूनही कमी जणांच्या शरीरात तो कायमचा राहतो. परंतु जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे नव्वद बालकांत तो घर करून बसतो. जितके वय कोवळे, तितका धोका मोठा. म्हणूनच लसीची पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते.

ह्या लसीचा इतिहासही मुलांना सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अपरिचित पदार्थ आढळला व त्याचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध झाले. तो बी विषाणूच्या वरच्या आवरणाचा भाग आहे हे पुढे उलगडले. ह्या कार्याबद्दल त्यांस १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. आजची लस यीस्टच्या पेशींकडून त्या आवरणाचे प्रथिन तयार करवून बनविलेली असते. तीत विषाणू मुळीच नसतो, म्हणून लसीमुळे कावीळ होण्याचा संभव नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स संस्थेने १९९७ साली ही लस भारतात प्रथम तयार केली आणि पूर्वी श्रीमंतांच्याच आवाक्यात असलेली लस स्वस्त झाली. तैवानने १९८४ पासून नवजात बालकांस ती टोचण्यास आरंभ केला. पुढे दहा-बारा वर्षांतच तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. कर्करोगास आळा घालणारी ही पहिली लस होय.

भारतात २००२-०३ साली काही ठिकाणी आरंभ होऊन २०११ साली ही लस सर्व देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली. जन्मतः एक मात्रा आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या वयात पेंटाव्हॅलंट लसीतून तीन मात्रा, असा तिचा क्रम आहे. माता बाधित असल्यास बालकास लसीबरोबरच प्रतिपिंडांचे एक इंजेक्शनही लवकरात लवकर द्यावे लागते. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीने रक्ताची ही तपासणी करून घेणे आवश्यक आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी आणि सी या दोहोंची तपासणी व उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

ज्यांच्या शरीरात जुनाट संसर्ग आहे त्यांनी काय करावे? बीची लस त्यांना उपयोगी पडत नाही. चोर घरात शिरल्यावर दाराला कुलूप लावून काय होणार? परंतु त्यांच्या पत्नीची वा पतीची, मुलांची व घरातील इतरांची तपासणी करून, ज्यांना संसर्ग नाही व लसही मिळालेली नाही त्यांना ती देवविणे हे पहिले कर्तव्य होय. मोठ्या माणसांस सामान्यतः सहा महिन्यांत तीन मात्रा दिल्या जातात. दुसरे असे की, आधीच दुखावलेल्या यकृतावर दुसऱ्या काविळीचा घाला पडला तर तो जिवावर बेततो. म्हणून अशा माणसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ए विषाणूची लस, तसेच फ्लूची व न्यूमोकोकल लस घ्यावी, आणि पाणी उकळून प्यावे. सी-बाधितांनी बीचीही लस घ्यावी. सी विषाणूवर लस नाही. पण बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो शंभरातील नव्वदांहून अधिक रोग्यांत समूळ जातो. बी विषाणू गोळ्यांनी दबून राहतो, परंतु क्वचितच निघून जातो. सर्वांनाच गोळ्या लागतात असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. मात्र ठरलेल्या मुदतीने तपासणी चुकवू नये आणि चालू गोळ्या मनाने कधीही बंद करू नयेत. तसे केल्यास रोग एकाएकी उसळतो.

दारू ही अशा यकृताची उघड वैरीण होय. बुरशी आलेले शेंगदाणे व मका ही दुसरी, पण लपलेली वैरीण. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. ते व बी विषाणू एकत्र आले म्हणजे कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. असे दाणे निवडून खाण्यापेक्षा टाकून द्यावेत. दुखण्यावरच्या गोळ्या व झाडपाल्याची औषधेही डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आता माळेविषयी. त्या मुलीचे वडीलही एका रविवारी शेजारच्या गावी कावीळ उतरवून घेण्यास गेले व गळ्यात माळ घालून आले. माळ दिवसेंदिवस लांबते आणि रोग उतरतो, अशी समजूत आहे. वस्तुतः ओल्या काड्यांचे तुकडे वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरीही लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, ते हातास आधी लावलेल्या सालीच्या रसामुळे. पाण्यातून येणारी कावीळ आपोआप बरी होते व श्रेय माळेस मिळते. जुनाट संसर्ग मात्र माळेखाली तसाच राहतो आणि तपासणीचे मोलाचे महिने वाया जातात. बाईंनी त्यांच्या माळेची चेष्टा केली नाही. "दादा, माळ राहू द्या गळ्यात, पण सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला," असे त्या म्हणाल्या आणि ते गेले.

आशाताईंनी घरातील लसीकरणाचे कार्ड शोधून काढले. मुलीचा जन्म ऊसतोडीच्या कोपीवर झालेला. जन्मतः द्यावयाच्या मात्रेची चौकट कोरी होती, परंतु पुढील तीन मात्रांच्या तारखा नोंदलेल्या होत्या. मायलेकींची तपासणी झाली. दोघींनाही संसर्ग नव्हता. मातेस लस सुरू झाली. वडिलांना तूर्त गोळ्यांची गरज नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी करावी आणि दारू वर्ज्य करावी, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन आयांपैकी दोघींची समजूत पटली. तिसरीने आपल्या मुलास पुढे काही महिने जेवणासाठी घरी नेले. दिवाळीच्या सुटीनंतर तोही पंगतीत बसू लागला. गैरसमज एका दिवसात जात नाहीत, हे शिक्षकाने गृहीत धरावे.

ह्यावरून शिक्षकांची कामे स्पष्ट होतात. पहिले, पहिलीत प्रवेश देताना लसीकरणाचे कार्ड पाहावे आणि चौकट कोरी असल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. मात्र कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवू नये. दुसरे, मुलास खरचटले किंवा नाकातून रक्त आले तर हातमोजे, ते नसल्यास स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून रक्त पुसावे आणि जागा जंतुनाशक द्रावणाने धुवावी. हा नियम सर्व मुलांस सारखाच लावावा, एकास निवडून नव्हे. तिसरे, कंपासपेटीतील कर्कटकाने एकमेकांस टोचण्याचा खेळ कटाक्षाने बंद करावा. चौथे, जत्रेपूर्वी गोंदण व कान टोचणे यांविषयी परिपाठात दोन शब्द सांगावेत. पाचवे, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबात प्रसूती जवळ आली असल्यास पहिल्या चोवीस तासांतील मात्रेची आठवण करून द्यावी. कारण ती चौकट कोरी राहण्याचा संभव तेथेच अधिक. आणि सहावे, कोणाच्या घरी कोणता रोग आहे हे शिक्षकाच्या कानी आले तर ते त्याच्यापाशीच राहावे. त्या मुलीच्या बाबतीत गोष्ट अगोदरच फुटली होती. तरीही बाईंनी वर्गात रोगाचे वा माणसाचे नाव एकदाही उच्चारले नाही.

लस टोचण्याचे काम परिचारिकेचे, औषध देण्याचे काम डॉक्टरांचे. परंतु रोग्याच्या मुलास पंगतीत जागा राहील की नाही, हे पुष्कळदा शिक्षकाच्या बसण्यावरून ठरते. ज्या घरास गाव दूर लोटते ते घर आपला रोग लपविते, आणि लपविलेला रोग तपासणीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने येत्या २८ जुलैच्या परिपाठात हा विषय घ्यावा, आणि त्यापूर्वी पहिलीची कार्डे एकदा चाळून पाहावीत.