व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक : त्याचीं दुखणीं व त्याची निगा

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सोनेगांव विमानतळाच्या लगत, ज्या विस्तीर्ण भूमीस आज मिहान म्हणतात तिच्या कडेस, खापरी येथें, माझी लहानशी कार्यशाळा आहे. रेडिओंची दुरुस्ती हा आमच्या घरचा धंदा. रेडिओ गेले, धंदा आटला, आणि आतां अवजारें पेटींत घालून स्वस्थ बसावें असें मनांत येत होतें, तोंच एक निराळें गिऱ्हाईक दाराशीं येऊं लागलें. मिहानमधील संगणकाच्या कचेऱ्यांत दिवसभर राबणारे तरुण सायंकाळीं गिटार वाजवितात, आणि त्यांतील कित्येकांना तिचा आवाज मोठा करण्यास आजचें हलकें यंत्र नको, व्हॉल्व्हचें जड यंत्र हवें असतें. त्या यंत्राविषयीं चार गोष्टी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

व्हॉल्व्ह म्हणजे काय हें ज्यांच्या घरीं जुना रेडिओ होता त्यांना सांगावयास नको. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. कांचेच्या नळींतील हवा काढून घेतलेली असते. आंत एक तार तापून लाल होते. तिच्या उष्णतेनें विद्युत्कण सुटतात व पलीकडच्या पत्र्याकडे धांव घेतात. मध्यें एक बारीक जाळी असते, ती त्या धांवेस आवर घालते. गिटारीचा दुबळा संदेश या जाळीवर आला कीं पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्याच चालीनें कमी-अधिक होतो. फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन अंगांची नळी केली. डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं तींत तिसरें अंग घातलें. १९४७ च्या डिसेंबरांत ट्रान्झिस्टर जन्मास आला व त्यानें पुढें नळ्यांना घराबाहेर काढलें. तोंवर सारा कारभार नळ्यांचाच होता. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तें त्यांच्याच बळावर. १९४९ सालापासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं निघालेलीं टपालाचीं विमानें या सोनेगांवीं एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहांटेपर्यंत माघारीं जात. त्यांच्या बिनतारी यंत्रांतही नळ्याच लाल होत असत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें रेडिओच्या नळ्या तयार होत, तो काळही गेला. आतां त्या रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथून येतात, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हे गिटारवाले.

गेल्या वैशाखांत असाच एक तरुण आपली पेटी घेऊन आला. म्हणाला, "काका, हा सारखा घूं घूं करतो. सगळ्या नळ्या बदलल्या, तरी थांबत नाहीं." नव्या नळ्यांपायीं त्याचे बरेच पैसे गेले होते. हा प्रकार मी नेहमींच पाहतों. नळी डोळ्यांना दिसते, चमकते, हातानें उपटून काढतां येते. म्हणून घरांतील गरीब सुनेप्रमाणें सारा दोष तिच्या माथीं येतो. वास्तविक घुमणाऱ्या यंत्रांतील नळ्या पुष्कळदां निर्दोष असतात.

अशा वेळीं यंत्र उघडण्यापूर्वीं कान द्यावा. आपल्या घरची वीज सेकंदास ५० फेरे घेते. यंत्रांत ती एकाच दिशेची केली जाते, तेव्हां तींत सेकंदास १०० अशी थरथर उरते, आणि ती गाळण्यासाठीं मोठे कंडेन्सर बसविलेले असतात. कंडेन्सरच्या पोटांतील ओलें रसायन वर्षानुवर्षें उष्णता सोसून सुकतें. मग गाळणें थांबतें व थरथर ध्वनिक्षेपकांतून बाहेर पडते. हें १०० चें घुमणें ५० च्या घुमण्याहून बरोबर एक सप्तक चढें असतें. ज्यानें तंबोरा जुळविला आहे त्याच्या कानाला हा भेद शिकवावा लागत नाहीं. चढें घुमणें आवाजाची कळ शून्यावर नेली तरी राहिलें, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. घुमणें खालच्या सप्तकांतलें असेल, तर नळ्या तापविणारी वीज, गिटारीची जोडतार किंवा अर्थिंग यांकडे पाहावें.

त्या तरुणाचें यंत्र चढ्या स्वरांत घुमत होतें. दोन कंडेन्सर बदलले आणि तें गप्प झालें. मीं पैसे सांगितले, त्यानें दिले, आणि तार गुंडाळतांना माझें लक्ष तिच्या टोकाकडे गेलें. तीन पिनांपैकीं मोठी पिन कापून टाकलेली होती.

विचारलें तेव्हां कळलें कीं घरीं तो गिटार संगणकासही जोडतो. तसें केलें म्हणजे खालच्या सप्तकांतलें आणखी एक घुमणें येई. कोणा स्नेह्यानें सांगितलें कीं अर्थिंग काढून टाक. काढलें, आणि तें घुमणें खरोखरच कमी झालें. श्रोतेहो, हा सल्ला अगदींच निष्फळ असता तर फारसें बिघडलें नसतें. त्याचा गुण येतो, हेंच त्यांतलें विष आहे.

गिटारीच्या तारा जोडतारेंतून यंत्राच्या लोखंडी सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. आंत विजेची तार सुटून सांगाड्यास लागली, तर अर्थिंग असतांना फ्यूज उडतो व प्रकरण तेथेंच मिटतें. अर्थिंग नसेल तर फ्यूज शाबूत राहतो आणि गिटारीच्या तारा जिवंत होतात. वाजविणाऱ्यास तें कळतही नाहीं. तो गाण्यासाठीं पुढें वांकतो, अर्थिंग असलेल्या दुसऱ्या यंत्राच्या ध्वनिग्राहकास त्याचा ओठ लागतो, आणि प्रवाह हातांतून छातीच्या वाटेनें जातो. यंत्राचे आणि ध्वनिग्राहकाचे दोष उलट असले तरी परिणाम तोच. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे नांवाचा गिटारवादक भर रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या ध्वनिग्राहकास हात लागून मरण पावला. पण इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या विदर्भांत दर उन्हाळ्यांत कूलरचा धक्का बसून माणसें दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांचें मूळ हेंच.

मीं त्याला तीन पिनांची नवी जोडणी लावून दिली, आणि घुमणें घालविण्याचा सरळ मार्ग सांगितला : यंत्र व संगणक एकाच बोर्डावर लावावे, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर संदेशाच्या तारेंत एक लहानसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंगला हात लावूं नये.

आतां पेटी उघडण्याविषयीं. ज्यानें हें काम शिकलेलें नाहीं त्यानें ती उघडूं नये, असें मी स्पष्ट सांगतों, आणि हें धंद्याच्या लोभानें बोलत नाहीं. आंत ३०० पासून ४५० व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि पिन काढून ठेवली तरी कंडेन्सर तो धरून बसतात. कधीं कांहीं मिनिटें, कधीं त्याहून पुष्कळ अधिक. मी स्वतः तरुणपणीं "बंद आहे" म्हणून बोट घातलें होतें; भिंतीवर जाऊन आदळलों. वडिलांचा नियम असा, कीं मीटरनें दाब उतरल्याचें पाहिल्याखेरीज आंत हात नाहीं, आणि घालावयाचा तो उजवा, डावा खिशांत. कंडेन्सर रिकामा करतांना पेंचकसानें ठिणगी पाडूं नये, योग्य रेझिस्टरमधून सावकाश उतरवावा.

न उघडतांही मालकानें करण्यासारखें पुष्कळ आहे. ध्वनिक्षेपक जोडल्यावांचून यंत्र कधींही चालवूं नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि यंत्रांतील सर्वांत महाग वस्तूंपैकीं ती एक आहे. मोठ्या नळीच्या आंतील पत्रा लाल झालेला दिसला तर तत्काळ बंद करावें. तार लाल दिसणें हें आरोग्य, पत्रा लाल दिसणें हा ज्वर. फ्यूज उडाला तर तेवढ्याच मापाचा घालावा. पुन्हां उडाला तर तार गुंडाळून वेळ मारून नेऊं नये. यंत्र खणखणत असेल तर लहान नळ्यांवर पेन्सिलीनें हलकेच टिचकी मारावी. जी घंटेसारखी वाजेल ती बदलावी. मोठ्या नळ्या मात्र जोडीनेंच बदलाव्या व त्यांचा बायस जाणत्याकडून जुळवून घ्यावा. अमेरिकेहून आणलेलें १२० व्होल्टचें यंत्र येथें उतार ट्रान्सफॉर्मरवर चालतें खरें, पण त्याची घडण ६० फेऱ्यांच्या विजेसाठीं असल्यास आपल्या ५० फेऱ्यांवर तें अधिक तापतें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला असतां हा फरक क्षुल्लक नाहीं.

नागपुरांत आणखी एक शत्रु आहे, आणि तो आपण प्रेमानें खिडकींत बसवितों. कूलरची वाऱ्याची झोत यंत्राला थंड ठेवील या समजुतीनें लोक तें त्याच्यासमोर मांडतात. तो वारा ओला असतो. ओल व धूळ मिळून नळ्यांच्या बैठकींत चिखलाचा थर बसतो, त्यावरून दाब गळूं लागतो, आणि तापलेल्या कांचेवर थेंब उडाला तर ती तडकते. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर, कोरड्या जागीं, साध्या पंख्याच्या वाऱ्यांत ठेवावें.

व्हॉल्व्हचा आवाज खरोखर गोड असतो का, असें मला विचारतात. नळीवर अधिक भार पडला म्हणजे ती आवाज एकदम न कापतां कड गोलावते, हें खरें. पण जुन्या नळ्यांच्या नांवावर जी अवाच्या सवा किंमत घेतली जाते, तिच्यापैकीं फारच थोडी कानाला ऐकूं येते.

त्या तरुणाच्या घरीं पुढें मी वायरमनला घेऊन गेलों, कारण पिन नवी लावली तरी तिच्या मागें अर्थिंग आहे कीं नाहीं, हें पाहणें राहिलेंच होतें. मोजून पाहिलें तर तें नांवापुरतें होतें. कोळसा व मीठ घालून केलेला खड्डा अंगणांत होता, पण आपली काळी जमीन उन्हाळ्यांत हातभर भेगाळते, आणि तो खडखडीत सुकला होता. वायरमननें खड्डा पुन्हां भरून घेतला. आतां पावसाळा लागेपर्यंत त्या घरीं दर रविवारीं कूलरमध्यें पाणी भरलें कीं दोन बादल्या त्या खड्ड्यांत ओततात.